पोलादपंख आणि छाटलेले समास

खरं तर तो आला होता शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे. झेरॉक्सवाला जेवायला गेलेला, म्हणून आमच्या दारात थांबला. खांद्याला हत्यारांची पिशवी, छातीशी एक खोका, आणि चेहरा असा की खोक्यात मांजराची पिल्लं असावीत.

"इथे... पुस्तकं शिवता का तुम्ही?"

"बोर्डावर तरी तसंच लिहिलंय," मी म्हटलं. "काय शिवायचंय?"

खोक्यातून निघाला पोलादपंख! दिवसा घड्याळं दुरुस्त करणारा आणि गरज पडली की पोलादी पंख लावून उडणारा चित्रकथांमधला वीर. सत्तावीस अंक, एकही गहाळ नाही. पिना गंजलेल्या, कोपरे दुमडलेले, खालचे काठ चहात बुडवल्यासारखे तपकिरी. दहा वर्षांचा असल्यापासून जपलेले. आता हा चौतिशीचा, धंद्याने लिफ्टचा मेकॅनिक.

"सगळ्यांचं मिळून एकच पुस्तक करा. पण एकदम नाही देणार. वीस वर्षांनी पुन्हा वाचतोय... एक वाचून झाला की एक देईन."

"म्हणजे सत्तावीस फेऱ्या?"

"चालेल ना?"

दुकान माझ्या आत्याचं. पुठ्ठा कापता कापता, मान वर न करता ती म्हणाली, "चालेल की. तो स्टूल तसाही रिकामाच असतो."

माणूस काय शिवायला आणतो त्यावरून मी त्याचा स्वभाव सांगते. प्रबंधवाले घाईत असतात, वकील संशयी, आणि कवींना मुखपृष्ठ सोनेरी हवं असतं. हा कशातच बसेना. रोज जेवणाच्या सुट्टीत यायचा, हात दोनदा पुसायचा, मग वाचायला बसायचा. हातात पेन्सिल. काही लोक वाचताना नखं खातात, हा पेन्सिल धरत असेल, असं म्हणून मी सोडून दिलं.

"काय, उडाला का आज?"

"उडाला. पूल कोसळत होता."

"आणि ती बातमीदार?"

"खिडकीत उभी."

"परत? अहो, आठ अंक झाले! हा तिच्याशी बोलणार आहे की नाही?"

"बोलणारच होता. तेवढ्यात भोंगा वाजला."

"फारच सोयीचा भोंगा आहे हो."

त्याचे कान लाल झाले. मला ते लाल झालेले आवडले, म्हणून दुसऱ्या दिवशीही मी भोंग्याची चौकशी केली. तिसऱ्याही.

एकदा मात्र तो अंक मिटून बराच वेळ नुसता बसला.

"फसवणूक झाली का?" मी विचारलं. "लहानपणीचं मोठेपणी वाचलं की होते म्हणतात."

"नाही... लहानपणी मी फक्त उडतानाची पानं बघायचो. आता खाली उभी असलेली माणसं दिसतात. बघा, प्रत्येकाचा चेहरा वेगळा काढलाय. भाजीवाली, पोस्टमन... कुणी सांगितलं होतं एवढं करायला? आणि ती खिडकीतली. मला तेव्हा वाटायचं, तो जातो म्हणजे शूर. आता वाटतं, घाबरतो म्हणून जातो."

मी सुईत दोरा ओवत होते. नेम तीनदा चुकला.

आमच्या धंद्यात आत्याचा एक नियम आहे: शिवणाऱ्याने वाचायचं नाही. वाचायला लागलं की हात थांबतो. म्हणून मी घडी बघते, शिवण बघते, काठ बघते. छापलेलं काय, लिहिलेलं काय, नजर वरून घसरते. कुणाचीही गुपितं आमच्याकडे सुखरूप असतात.

सत्ताविसावा अंक आला. मी शिवलं, खळ लावली, दाबाखाली ठेवलं आणि कटिंग मशीनवर खालचा तपकिरी काठ चांगला बोटभर छाटला.

तो न्यायला आला. पहिलं पान उघडलं. मग दुसरा अंक, मग दहावा. नजर पानाच्या तळाशी.

"तुम्हीच कापलंत?"

"मीच! दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. खाली सगळं घाण झालं होतं. नको ते काढून टाकलं."

त्याने पुस्तक मिटलं. फार हळू.

"समजलं," तो म्हणाला. "उद्यापासून माझी ड्यूटी दुसऱ्या भागात आहे." आणि गेला. कान पांढरे!

मला काही कळेना. चिडचिड काढायला मी झाडू घेतला, आणि मशीनखालच्या कातरणांत मला पेन्सिलीच्या रेघा दिसल्या. बारीक बारीक. उचलून पाहिलं तर अक्षरांचे पाय! जवळजवळ प्रत्येक अंकाच्या खालच्या समासात त्याने काहीतरी लिहिलं होतं आणि माझं पातं बरोबर ओळीच्या मधून गेलं होतं. शिरोरेखा त्याच्याकडे, पाय माझ्याकडे. एकच ओळ अख्खी निघाली, अगदी काठाला, पानाबाहेर पडता पडता लिहिलेली: 'उद्यापासून इथे यायला कारण उरणार नाही. तू एखादं देशील?'

मी पट्टी आत्यासमोर धरली.

आत्याने चष्मा लावून वाचली, चष्मा काढून वाचली. "आणि तू त्याला काय म्हणालीस? घाण?"

"आत्या, तुझाच नियम!"

"नियम पुस्तकांना होता गं बये, माणसांना नव्हता. पळ. समोरच्या दवाखान्यांच्या इमारतीत असेल तो, सकाळपासून लिफ्ट बंद आहे तिथली."

मी पट्ट्या मुठीत घेऊन धावले. लिफ्टचं दार उघडं, आत काळोखी पोकळी, वर कुठेतरी ठोकल्याचा आवाज. दाराशी वॉचमन आणि एक्स-रेची पिशवी घेतलेल्या एक आजी.

मी पोकळीत तोंड घालून ओरडले, "मी वाचलं नव्हतं!"

ठोकणं थांबलं. एक पाना खणखणत खाली आला.

"काय?"

"शिवणाऱ्याने वाचायचं नसतं! मी फक्त काठ बघते!"

"सत्तावीस अंक... आणि एकदाही खाली नजर गेली नाही?"

"खाली कशी जाईल? तुमच्याकडे बघत होते!"

वॉचमनने टोपी सारखी केली.

"माझ्याकडे नुसते पाय आहेत," मी म्हटलं. "काय लिहिलं होतं, सांगा."

"इथे? लोक आहेत..."

"सांग रे बाबा," आजी म्हणाल्या, "मला पाचव्या मजल्यावर जायचंय."

"पहिल्या अंकावर काही नव्हतं," वरून आवाज आला, आधी चाचरत. "दुसऱ्यावर... 'हिच्या केसांत पेन्सिल आहे आणि ही पेन्सिल शोधतेय.' पाचव्यावर, 'आज हसली, पण आत्याकडे बघून.' अकराव्यावर, 'मुद्दाम हळू वाचतोय.' शेवटच्यावर... ते मात्र नाही म्हणवत."

"ते वाचलंय मी." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "कारण कशाला हवंय? तू नुसता ये."

जिन्यावर पावलं वाजली, दोन दोन पायऱ्या एकदम.

आजींनी बंद लिफ्टकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पदर खोचला.

"आज काही ही सुरू होत नाही," म्हणाल्या, आणि कठडा धरून जिना चढू लागल्या, उतरणाऱ्याला वाट देत.