थेडीची मांडी

डार्बी रुमाल घरी विसरून गेला, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांनी बघायला मिळालं. नाहीतर मी चुलीपाशी बटाटे सोलत बसले असते आणि आज तुम्हाला सांगायला माझ्याकडे काही उरलं नसतं.

रुमाल म्हणजे नाक पुसायचा नव्हे. उघड्या मुठींनी लढणाऱ्या प्रत्येकाचा आपला एक रंग असतो. त्या रंगाचा रुमाल रिंगणाच्या खांबाला बांधल्याशिवाय लढत सुरू होत नाही. डार्बीचा हिरवा, पांढऱ्या काठाचा. काठ मीच शिवला होता. हडसनकाठच्या ट्रॉय गावात, सदऱ्यांच्या कॉलरच्या कारखान्यात मी इस्त्री करते, शिलाईतही हात बरा आहे. बोलण्यात मात्र माझी गती कमी, असं डार्बी म्हणतो. त्याला काय माहीत, मी मनातल्या मनात किती बोलते ते.

आमच्या लग्नाला तेव्हा नऊ आठवडे झाले होते. असल्या लढतींना कायद्यानं बंदी, म्हणून ही नदीतल्या एका बेटावर ठरली होती. नुकतं फटफटलं होतं. मी शाल गुंडाळली आणि रुमाल घेऊन नदीकडे पळत सुटले. बोट धक्क्याला लागलेली, वर दोनशे पुरुष आणि पुढं पांढरं धुकं. ह्यूई क्विल्टी फळीवर उभा होता. डार्बीच्या कोपऱ्यात पाण्याची बाटली सांभाळायचं काम त्याचं. तो म्हणाला, आत येऊन नवऱ्याच्या हातात द्या, दोन मिनिटांचं काम आहे. मी आत गेले, रुमाल दिला, वळले, तर धक्का दिसेना.

"आता उडी मारायची तर मारा वहिनी," ह्यूई म्हणाला, "पण पाणी गार आहे."

अशा लढतीला बायका जात नाहीत. दोनशे माणसांनी एकदम टोप्या काढल्या आणि शिव्या बंद केल्या. इतकी शांत बोट हडसन नदीत पुन्हा गेली नसेल. कुणीतरी मला बसायला एक खोकं उपडं घालून दिलं. डार्बी लांबून माझ्याकडे असा बघत होता, जणू चर्चमध्ये त्याच्या बाकावर गाय येऊन बसली आहे.

थोडं डार्बीबद्दल सांगते. तो सोळा वर्षांचा असताना, बटाटे शेतातच काळे पडून सडले त्या साली, आयर्लंडमधल्या लिमरिकहून निघाला. जहाजात शेजारच्या फळीवर थेडी मिनोग होता, वयानं दहा वर्षांनी मोठा. सात आठवडे दोघं एकाच घोंगडीत कुडकुडले. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कामाच्या रांगेत एक मुकादम म्हणाला, आयरिश लोकांनी सगळ्यात मागं उभं राहायचं. डार्बी काही बोलला नाही. मुकादम मात्र आडवा झाला, मग त्याचा भाऊ, मग त्याचा मेहुणा. भाऊ पडला आणि मेहुणा यायचा होता, तेवढ्यात डार्बीला धाप लागली, तेव्हा थेडीनं चिखलात एक गुडघा टेकला, दुसरी मांडी आडवी धरली आणि म्हणाला, "बस."

हीच आमच्या धंद्याची रीत. रिंगणात खुर्ची नसते. कुणी पडला की फेरी संपते आणि अर्धं मिनिट विसावा मिळतो. तेवढ्यात आपला माणूस गुडघ्यावर बसून मांडी देतो आणि लढवय्या तिच्यावर बसतो. पंचानं "वेळ" म्हटलं की उठून मधल्या रेघेवर यायचं. जो रेघेवर येऊ शकला नाही, तो हरला. एवढाले दांडगे पुरुष एकमेकांच्या मांडीवर बसतात, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते. डार्बी हसला नव्हता.

नऊ वर्षांत बावीस लढती झाल्या. धक्क्यांवर, कालव्याकाठच्या कुरणांत, एकदा तर नदीच्या मधोमध बांधलेल्या कोळशाच्या पडावावर. एकही हरला नाही. प्रत्येक वेळी मांडी थेडीचीच. पण प्रत्येक लढत काहीतरी घेऊन गेली. नाक डावीकडे वळलं, उजव्या मुठीची दोन हाडं आत गेली. डाव्या डोळ्याबद्दल डॉक्टर म्हणाले, अजून एक नीट ठोसा बसला की हा डोळा फक्त रडायच्या कामाचा उरेल. म्हणून लग्नाआधी मी अट घातली. त्यानं शपथ घेतली, ही एक ठरलेली लढत, मग पुन्हा मूठ वळायची नाही. ओतकामाच्या कारखान्यात लोखंड तोलायची नोकरी तयार होती. मला दोन डोळ्यांचा नवरा हवा होता, एवढीच माझी मागणी.

थेडी मार्च महिन्यात छातीच्या दुखण्यानं गेला. लग्नाला नव्हता. त्याच्या जागी डार्बीनं मॉर्टी फीली नावाचा गवंडी घेतला. मांड्या चांगल्या होत्या त्याच्या, पण थंडी घालवायला म्हणून बोटीतच त्यानं जरा जास्त घेतली.

बेट म्हणजे भिजलेलं गवत आणि चार झाडं. समोर स्टॅफर्डचा एनॉक ग्रिम्स, इंग्रज, खाणीतला. डोकं कुठं संपतं आणि मान कुठं सुरू होते ते कळत नव्हतं. माझं खोकं डार्बीच्या कोपऱ्यामागं दहा पावलांवर ठेवलं होतं. पलीकडची माणसं धुक्यात नुसती टोप्यांची रांग वाटत होती.

सहा फेऱ्या मी बोटांच्या फटीतून पाहिल्या. सातव्या फेरीत मॉर्टीच्या पायात गोळा आला. तो गवतावर लोळायला लागला. ह्यूईनं त्याला बगलेत धरून दोरीबाहेर, झाडाखाली ओढत नेलं. तेवढ्यात डार्बी पडला आणि फेरी संपली. डावा डोळा सुजून मिटलेला, उजव्यात रक्त. तो चाचपडत कोपऱ्यात आला. कोपऱ्यात कुणी नव्हतं. मी ओरडणार होते, पण त्याआधीच तो बसला.

बसला म्हणजे बसलाच. पाय पसरले, पाठ मागं टेकली, मान सैल सोडली. त्याच्याखाली नुसतं धुकं होतं. आणि गवत एका जागी, गुडघ्याएवढं, हळूहळू दबत गेलं.

ह्यूई बाटली घेऊन परत आला आणि मधेच थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यानं डार्बीला पाणी पाजलं. निम्मं पाणी हनुवटीवरून सांडलं.

त्यापुढच्या बारा फेऱ्या असंच चाललं. पलीकडच्यांना काही कळलं नाही. धुकं, आणि लोकांचं लक्ष ग्रिम्सच्या नाकाकडे. एकोणिसाव्या फेरीनंतर कुणीतरी ओरडलं की फौजदाराची बोट येते आहे. दोनशे माणसं गवतातून ससे पळावेत तशी पळाली. पंच पळता पळता सांगून गेला, लढत संपलेली नाही, महिन्यानं पुढं चालू होईल.

बोटीत मी डार्बीचं तोंड पुसत होते.

"मॉर्टी बरा निघाला की," तो म्हणाला. "मला वाटलं होतं हाडं टोचतील. अगदी थेडीसारखी मांडी..."

ह्यूई माझ्या कानाशी वाकला. "वहिनी... मॉर्टी अजून झाडाखालीच आहे. आपण त्याला बेटावर विसरून आलोय."

मॉर्टी दुसऱ्या दिवशी एका कोळ्याबरोबर परत आला. तो माझ्या गोष्टीत पुन्हा येत नाही, पण तुम्हाला काळजी लागून राहायला नको.

त्या संध्याकाळी मी चुलीवरून भांडं उतरवून वळले, तर डार्बी विस्तवापाशी आरामात मागं रेलून बसलेला. आमच्याकडे खुर्च्या दोनच. दोन्हींवर मी त्याचे कपडे वाळत घातले होते. ओल्या लोकरीचा, चिलमीच्या तंबाखूचा आणि छातीला लावतात त्या मोहरीच्या लेपाचा वास खोलीभर पसरला होता. आमच्या घरात चिलीम कुणी ओढत नाही.

"डार्बी," मी म्हटलं, "तू कशावर बसलायस?"

त्यानं खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "मला वाटलं तू स्टूल आणलंस," तो म्हणाला.

इथपर्यंत मी एकवेळ चालवून घेतलं असतं. नव्या संसाराला एक बसायची जागा फुकट मिळाली, एवढंच. पण अर्धं मिनिट झालं की डार्बी उठायचा. आपण होऊन नव्हे. त्याच्या सदऱ्याची पाठ दोन तळव्यांएवढी ताणली जायची, तो उभा राहायचा, मुठी वर, आणि खोलीच्या मध्यावर जाऊन थांबायचा. जेवताना, प्रार्थनेला, बूट काढताना, सगळीकडे तेच. डार्बीला भीती वाटत नव्हती, लाज वाटत होती. थेडी नेहमी असंच ढकलायचा, तो म्हणाला. पंधरा दिवसांत तो वाळला. आणि मग अर्धवट लढत पुढं चालू करायची तारीख ठरल्याचा निरोप आला. मला दिलेली शपथ त्याला आठवत होती. पण त्याची पाठ त्याच्या ताब्यात नव्हती. मूठ आपोआप वळत होती आणि मी त्याच्या उजव्या डोळ्यात बघत बसायचे, कारण डावा अजून नीट उघडला नव्हता.

घरमालकीण ज्युडी मावशींनी पाद्रीबाबांना आणलं. त्यांनी कोपऱ्याकोपऱ्यात पवित्र पाणी शिंपडलं, मुठींच्या लढतींवर तासभर झोड उठवली आणि आमचा केक खाऊन गेले. थेडी काही हलला नाही. मावशी म्हणाल्या, असा चिवट जीव, जिवंतपणी भाडेकरू असता तर मी केव्हाच घराबाहेर काढला असता.

मग माझ्या लक्षात आलं की हा धर्माचा प्रश्नच नाही, धंद्याचा आहे. मी गुत्त्याच्या दारात गेले आणि ह्यूईला बाहेर बोलावलं. विचारलं, मांडी देणारा माणूस कोपरा केव्हा सोडतो?

तो म्हणाला, आपला गडी रेघेवर येऊ शकला नाही, की तो तोंड पुसायचा स्पंज वर फेकतो. हार मानली असा अर्थ. मग समोरच्या कोपऱ्यात जाऊन जिंकणाऱ्याशी हात मिळवतो. तोवर आभाळ कोसळलं तरी हलत नाही.

"आणि लढत अर्धवट राहिली तर?"

ह्यूईनं टोपी काढून हातात धरली. "मग... तो कोपऱ्यातच असतो, वहिनी."

रविवारी चर्चमधून आल्यावर, भर दुपारी, खिडकीतून ऊन आत येत असताना मी स्वयंपाकाच्या जागी जमिनीवर खडूनं रेघ ओढली. पलीकडे उभी राहिले आणि बाह्या सारल्या.

"हे काय?" डार्बीनं विचारलं.

"ग्रिम्सनं माघार घेतली असं समज. त्याच्या जागी मी. तुला रेघेवर यायचं नाही."

"म्हणजे हरायचं?"

"हो."

त्यानं रेघेकडे पाहिलं. "बावीस लढती," तो म्हणाला. "एकदाही नाही, जोहाना. आणि आता बायकोकडून."

"कुणाला सांगणार नाही मी," मी म्हटलं. त्या वेळी मला खरंच तसं वाटत होतं.

तो बसला. खाली काही नव्हतं आणि तो बसला. मी मोजायला लागले. दहापर्यंत तो हसत होता. पंधराला वास आला, लोकर आणि मोहरी. विसाला त्याच्या पाठीवर सदरा ताणला गेला. त्यानं दोन्ही हातांनी टेबलाचा पाय धरला. टेबल सरकायला लागलं, वरच्या बशा खुळखुळल्या. त्याच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. बावीस लढतींत तो कुणाशी इतका झगडला नसेल.

"थेडी," तो दातांतून म्हणाला, "पुरे आता. मी दमलोय रे... बस झालं."

एकोणतीस. तीस. "वेळ," मी म्हटलं.

डार्बी आला नाही.

क्षणभर काहीच झालं नाही. मग छताला काहीतरी ओलं, मऊ, फटकन आपटलं आणि लगेच डार्बी धप्पकन जमिनीवर पडला, बुडावर. तो तसाच बसून हसायला लागला, आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं. दोन्ही डोळे उघडे होते. छतावर ओला गोल डाग उमटला होता. आमच्याकडे स्पंज नाही.

मी रीत मोडणार नव्हते. रेघेपलीकडे तशीच उभी राहिले आणि उजवा हात पुढं केला. हातात एक रुंद, खरखरीत हात आला. एकदा वर, एकदा खाली. सरळ माणसाचा हात. मी म्हटलं, "आभारी आहे, थेडी. नीट जा." वास कमी होत गेला.

त्यानंतर डार्बी पुन्हा लढला नाही. लोखंड तोलतो, खुर्चीवर बसतो, झोपेत लाथा मारतो. सगळं छान आहे. दोन डोळ्यांचा नवरा मिळाला.

फक्त एक गोष्ट मी त्याला सांगितलेली नाही. कोपऱ्यात दोन माणसं असतात. एक मांडी देतो, दुसरा बाटली धरतो. आणि दोघंही हात मिळवायला येतात. ह्यूई तेव्हा गुत्त्यात होता, चाळीस माणसं साक्षीला आहेत.

थेडीचा हात सुटला, मी माझा मागं घेणार, तेवढ्यात त्यात दुसरा हात आला. लहान, मऊ, कोमट. बाईचा. रीतीपेक्षा जरा जास्तच वेळ तो माझा हात धरून होता. आणि त्याच्या बोटात लग्नाची अंगठी होती.

ह्यूईच्या आधी बाटली कोण धरायची, हे डार्बीला विचारावं असं रोज सकाळी मनात येतं. मग मी त्याचा सदरा इस्त्री करायला घेते.