गुलाबी पाण्याची परीक्षा

"अहो, करड्या स्वेटरवाल्या मॅडम... जरा ऐकता का?"

ती कशाला ऐकेल? तिचा स्वेटर होता छान गुलाबी, नवाकोरा. पण लायसन्सच्या ऑफिसातल्या त्या लांब गॅलरीत दुसरं चिटपाखरू नव्हतं, म्हणून ती वळली.

"करडा? डोळे घरी ठेवून आलात वाटतं!"

"छे हो, आणलेत की — हे बघा!" त्याने डोळे असे काही वटारले की तिला हसू फुटलं. झालं! तिथेच बाईसाहेबांचं पाणी जोखलं गेलं.

तो पाणी शुद्ध करण्याची यंत्रं बसवायचा. दुसऱ्याच्या हाताखाली राबून कंटाळला होता, त्याला स्वतःचं कंत्राटदाराचं लायसन्स हवं होतं. लेखी परीक्षेत पहिला आलेला हा पठ्ठ्या प्रॅक्टिकलला मात्र दोनदा आपटला होता. ती तिथल्याच प्रयोगशाळेत मदतनीस. प्रॅक्टिकल म्हणजे पाण्यात जंतू मारायचं औषध किती पडलंय ते रसायनाचे थेंब टाकून बघायचं. औषध जास्त तितका गुलाबी रंग गडद. उमेदवाराने नुसत्या नजरेने फिकं-गडद ओळखायचं. त्या नळ्या मांडायचं काम तिचं.

मग काय, ऑफिस सुटल्यावर सराव सुरू झाला. खिडकीवर पाऊस वाजायचा आणि ती एकेक नळी उजेडात धरायची.

"ही कशी आहे?"

"फिकी."

"आणि ही?"

"ही... अगं, तू एवढी जवळ उभी राहिलीस की मला काही सुचतं का?"

ती लाजायची आणि उत्तर राहून जायचं. असं किती दिवस चाललं! एकदा तिने साधं पाणी आणि गडद गुलाबी पाणी शेजारी-शेजारी धरलं. "दोन्ही सारख्याच," तो म्हणाला.

"तुला गुलाबी दिसतच नाही... हो ना?"

"लहानपणापासून," तो खाली बघत म्हणाला. "कुणाला बोलू नकोस."

इकडे तिच्या दादाने बजावलं होतं, "आधी लायसन्स हातात पडू दे, मग लग्नाचं बोलू." दादा बोलला की काळ्या दगडावरची रेघ.

"नळ्या तूच मांडतेस ना?" एके संध्याकाळी त्याने तिचा हात धरला. "डावीकडे फिकी, उजवीकडे गडद. एवढंच कर गं. लायसन्स मिळालं की त्या नव्या प्रसूतिगृहाच्या पाण्याचं काम मलाच मिळणार आहे. मग बघ दादापुढे कसा छाती काढून उभा राहतो!"

"तिथे रोज रंग कोण बघणार?"

"वासावरून येतो की अंदाज."

ती नळ्या धुवायला लागली. त्याने तो होकारच मानला. खरं सांगायचं तर मनातून तिनेही होच म्हटलं होतं.

परीक्षेच्या सकाळी तिने नळ्या त्याला हव्या तशाच लावल्या. मग उगाच बघत उभी राहिली. प्रसूतिगृहाची टाकी, त्या टाकीचं पाणी, तान्ही बाळं... तिने पटापट नळ्यांच्या जागा बदलल्या. त्याला सांगायला ती दाराकडे धावली, तोच परीक्षा घेणारे साहेब त्याला घेऊन आत आले. त्याने हळूच तिला डोळा मारला.

"सोपं आहे, साहेब! ही सगळ्यात फिकी, मग ही, मग ही... आणि ही शेवटची सगळ्यात गडद."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "तिसऱ्यांदा नापास. आता नियमाप्रमाणे पुन्हा बसता येणार नाही."

जिन्यात तो तिच्यासाठी थांबला होता. रागावला असता तर बरं झालं असतं.

"गडबडीत विसरलीस ना? होतं गं असं. आपण दुसरीकडे कुठेतरी जाऊ... तू नुसतं हो म्हण."

एवढं एक खोटं बोलली असती, तर तो तिचा होता.

"विसरले नाही मी. मुद्दाम बदलल्या. तुझ्यावर माझा जीव आहे रे... पण तिथे तान्ही बाळं आहेत."



"जीव आहे," तो म्हणाला, "हे आज सांगतेस?"

आणि तो जिना उतरू लागला. त्याने एकदा जरी वर पाहिलं असतं, तरी ती नोकरी, दादा, सगळं सोडून धावत गेली असती. त्याने पाहिलं नाही.