वानेसचा पुढचा ब्रेक

घडलं ते असं. पटत नसेल त्यानं रोन्स गावात जाऊन म्हाताऱ्या ओडीलला गाठावं. तो तेव्हा सायकल दुकानात शेगडीला पाय लावून बसला होता.

फेब्रुवारीतला शनिवार. भर दुपार, पण धुक्यामुळे दिवे लावलेले.

दुकानदार लिव्हन दमलेला होता. टेकडीच्या उतारावर, वळणावर सायकल घसरून त्याचा मुलगा वानेस गेला, तेव्हापासूनच दमलेला.

आणि आता धाकटी फेना हट्टाला पेटली होती. उद्याची शर्यत भावाच्याच सायकलवर.

"पपा, नुसती टांगून ठेवून काय करणार तिचं?"

ती गेल्यावर त्यानं सायकल स्टँडवर चढवली.

पुढचं चाक फिरेना.

"तारेचे ब्रेक बरे होते बाबा," ओडील म्हणाला. "सोडले की सुटायचे. हे तेलाचे म्हणजे माझी सासू. धरलं की धरलं!"

लिव्हन हसला नाही. दुखणं नेहमीचं. सायकल उभी राहिली की पॅड दाबणारे पिस्टन कोरडे पडतात, अडकतात. त्यानं चाक काढलं, पॅड काढले. पिस्टन पुसले, तेलाचं बोट फिरवलं, प्लॅस्टिकच्या पट्टीनं आत ढकलले.

गेले.

टक्...

परत बाहेर आले.

"चाक नसताना ब्रेकची लिव्हर दाबलीस? अरे, शिकाऊ पोरगंसुद्धा..."

"हात बघ माझे."

दोन्ही हात खाली, चाकापाशी होते.

वर लिव्हर... दाबलेली होती. पार हँडलला टेकलेली.

लिव्हननं पुन्हा ढकलले. टक्... पुन्हा. टक्...

शेवटी त्यानं ब्रेकच्या तेलाची नळीच कापली. तेल फरशीवर ठिबकलं. आता जोर येणार कुठून?

पॅड लावले, चाक बसवलं.

चाक फिरेना.

ओडीलनं छातीवर क्रूसाची खूण केली.

मग आवाज आला... ओल्या रस्त्यावर टायर घासतो तसा. लांबून. न थांबणारा.

बाहेर रस्ता रिकामा होता.

लिव्हनच्या लक्षात आलं. पोर अजून त्या वळणावर आहे. अजून ब्रेक दाबतंय.

"सोड रे राजा," तो म्हणाला. "दमला असशील. सोड आता."

लिव्हर सुटली.

चाक हललं. हळू. मग जोरात. कुणी हात न लावता, उतारावर सुटल्यासारखं... आणखी जोरात...

तेव्हा त्याला कळलं, आपण पोराला काय सांगून बसलो.

त्यानं झडप घालून लिव्हर आवळली.

कापलेल्या नळीचा ब्रेक लागला.

"झाला का मोकळा?" दारात फेना.

"नाही. तू तुझीच सायकल ने."

"पण पपा..."

"तुझीच ने म्हटलं ना!"

"बरं. उद्या येणार ना बघायला?"

लिव्हननं स्वतःच्या मुठीकडे पाहिलं.

"मी येतो पोरी," ओडील घाईनं म्हणाला.

फेना शर्यतीत उतरली, घरी आली.

ती सायकल तिथंच आहे. लिव्हर जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आवळलेली. गिऱ्हाइकं विचारत नाहीत. तेलातली हवा वर यावी म्हणून रात्रभर लिव्हर बांधतातच. पण ही पट्टी सकाळी ताणून सैल पडलेली असते... आणि लिव्हन ती पुन्हा आवळतो.

परवा ओडील म्हणाला, "अरे, दोन दिवस माझ्याकडे ये. झोप तरी काढ."

लिव्हन म्हणाला,

"आणि तो?"