तळ्यातल्या विमानाची पाटी

"आईकडे दोन दिवस आहेत. फार तर तीन," मास्तर म्हणाले. समोरचा चहा निवून गेला होता.

वहिनींनी वही उघडली नाही. त्या खासगी तपास करत, आणि अशिलाचं पहिलं बोलणं नुसतं ऐकत. गाडी चालवणं, दारं ठोठावणं आणि चुकीचे तर्क लढवणं ही कामं त्यांच्या दिरांकडे, म्हणजे भाऊजींकडे होती.

मास्तरांची आई पाच वर्षांची होती तेव्हा तिचे वडील लढाऊ विमान घेऊन उडाले आणि परतलेच नाहीत. इंजिन ठणठणीत होतं, अशी तळावरच्या मेकॅनिकने साक्ष दिली. मग वैमानिक शत्रूला जाऊन मिळाला, असा निकाल लागला. 'पळपुट्याची पोर' हे नाव तिला सत्तर वर्षं चिकटलं.

परवा तळ्यातून एक विमान वर काढलं होतं. आसनात बूट आणि थोडी हाडं होती. हाडांच्या तपासणीला महिने लागणार होते. त्या हिवाळ्यात असली सहा विमानं हरवली होती. हे त्यातलं कुठलं, ते कॉकपिटमधली नंबराची पाटीच सांगणार होती. आज सकाळी ती पाटी गायब होती.

"ते पळाले असतील तर तसं कळू द्या," मास्तर म्हणाले. "पण तिला न कळता जाऊ देऊ नका हो."

भाऊजींना एकदम आपली आई आठवली. त्यांनी गाडीची किल्ली उचलली.

शेडमध्ये विमानावर पाण्याचे फवारे चालू होते. "इतकी वर्षं पाण्यात राहिलेला पत्रा सुकला की भुगा व्हायला लागतो," संग्रहालयाच्या मॅडम म्हणाल्या. "पाटीवर तर बोटभर गाळ होता. एकही आकडा दिसत नव्हता. आज मास्तरांसमोर धुणार होतो, म्हणून कुणाला हात लावू दिला नाही. दुरुस्तीही अजून सुरू नाही."

"किल्ल्या?"

"एक माझ्याकडे, एक दुरुस्ती करणाऱ्या आमच्या मिस्त्रींकडे. पण मागची खिडकी लागत नाही, हे विमान शोधणाऱ्या पाणबुड्यालाही ठाऊक आहे."

वहिनी कॉकपिटमध्ये वाकल्या. पाटीच्या जागी चार भोकं होती. खाली चार स्क्रू ओळीत ठेवलेले. एकाचीही खाच बिघडली नव्हती.

पाणबुड्या बाहेर धुमसत बसला होता. "जीव धोक्यात घालून विमान मी शोधलं, आणि पेपरात फोटो मॅडमचा! पण चोर नाही मी."

"पंख्याची पाती वर काढताना वाकली का?" वहिनींनी विचारलं.

"अजिबात नाही. तळाशीच तशी होती. दोन सरळ, खालचं एक मागे दुमडलेलं."

"हाच तो," भाऊजी कुजबुजले. "चेहऱ्यावरच लिहिलंय."

"तुम्हाला वाचता येतं, भाऊजी, पण दर वेळी भलत्याच चेहऱ्यावरचं."

मिस्त्री इंजिनापाशी होते. चिखलात हात बरबटलेले भाऊजी कोपऱ्यातल्या झाकलेल्या बादलीकडे वळले, तसे ते ओरडले, "त्यात नको! नळावर धुवा!"

मग आवाज उतरवून म्हणाले, "लवकर विचारा, बाई. दुपारी घरी जाऊन वडिलांना भरवायचं असतं. नव्वदी उलटलीय."

"तेही मिस्त्रीच?"

"इथल्याच विमानतळावर. युद्धात."

वहिनी इंजिनाकडे पाहत होत्या. सगळं गाळाने माखलेलं. तेलाच्या टाकीचं झाकण तेवढं स्वच्छ.

"पाटी कोण नेईल?"

"कोण जाणे. वीतभर पत्रा तो, शेवटचा आकडाही अर्धा झिजलेला. कोण विचारतंय त्याला?"

वहिनींनी सगळ्यांना बोलावलं. मास्तरही आले. त्यांचा फोन हातातच होता. दर मिनिटाला ते त्याकडे बघत होते.

"घाईतल्या चोराने पाटी पहारीने उचकटली असती," वहिनी म्हणाल्या. "इथे सत्तर वर्षं गंजलेले स्क्रू कुणीतरी तेल सोडून, तासन्‌तास धीर धरून काढलेत. हा हात कारागिराचा. आणि मिस्त्री, गाळाखालचा आकडा कुणालाच दिसत नव्हता. तो झिजलाय हे तुम्हाला कसं कळलं?"

मिस्त्रींची नजर बादलीकडे गेली.

"भाऊजी, ती बादली उघडा. यंत्रावर जीव असलेला माणूस पाटी लपवेल, पण सुकू देणार नाही."

बादलीत, स्वच्छ पाण्यात, पाटी होती. मास्तरांनी ती उचलली, नंबर वाचला, पुन्हा एकदा वाचला. आजोबांचंच विमान.

"पण का?" मॅडम म्हणाल्या.

"त्या झाकणामुळे. दुरुस्ती सुरू नसताना ते स्वच्छ कसं? कारण ते तळ्यातून आलंच नाही, काल मिस्त्रींनी बसवलंय. टाकी उघडी होती. मूळ झाकण विमान उडण्याआधी लावायचंच राहिलं होतं. तेल गळून गेलं, इंजिन हवेत बंद पडलं. फिरता पंखा पाण्यावर आदळला तर सगळी पाती वाकतात. इथे दोन सरळ आहेत. वैमानिक पळत नव्हता, बंद इंजिन घेऊन उतरायला जागा शोधत होता. आणि इंजिन ठणठणीत होतं, असं सांगणारा मेकॅनिक..."

"माझे वडील," मिस्त्री म्हणाले. "हा नंबर ते झोपेत बडबडतात. लहानपणापासून ऐकतोय. काल पाटी धुतली तेव्हा अर्थ कळला." "त्यांना तरी सुखाने मरू द्यावं, म्हणून..."

"आणि माझ्या आईने कसं मरावं?" मास्तर ओरडले. तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्यातून होता.

भाऊजींनी आयुष्यात एवढी जोरात गाडी कधी हाकली नव्हती. मागे मिस्त्री ओल्या फडक्यात पाटी धरून बसले होते.

मास्तरांच्या आईला, आजीबाईंना, दिसत नव्हतं. त्यांनी पाटीवरून बोट फिरवलं. मिस्त्रींनी सगळं सांगितलं. झाकण, साक्ष, वडिलांचं नाव, काहीच गाळलं नाही.

"शाळेत माझ्या शेजारी कुणी बसत नसे," त्या म्हणाल्या. श्वास तुटत होता. "तुझे वडील आहेत अजून?"

"आहेत."

"त्यांना मी माफ केलं, असं सांगू नकोस. खोटं होईल." त्यांनी पाटी छातीशी ओढली. "पण माझा बाप सापडला म्हणून सांग. आजच सांग. उशीर बरा नव्हे."

मिस्त्री उठले. दारापर्यंत जाऊन थांबले, वळले, आणि वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. आजीबाईंनी पाय मागे घेतले नाहीत.