'बसा' म्हणायचा मान

विश्वास ठेवावा तर कुणावर, सांगा बघू? मालाचा नमुना दाखवणाऱ्यावर, की जिवलग मित्रावर? पहिल्यावर कुठलाच व्यापारी ठेवत नाही. दुसऱ्यावर डोळे मिटून ठेवतो, आणि तिथंच एखादवेळी फसतो. नाथाजींचं ऐका.

नाथाजी सांगलीतले हळदीचे जुने अडते. दुकान पोराच्या हाती देऊन ते रोज संध्याकाळी विश्रामबागेतल्या निवृत्तांच्या क्लबात जायचे. कॅरम, चहा, रक्तदाबाच्या गोळ्यांच्या गप्पा. वयच असं, की अधूनमधून कुणा गेलेल्या सभासदासाठी दोन मिनिटं उभं राहावं लागायचं. पूर्वी मौन अध्यक्ष संपवायचे. एकदा त्यांचे गुडघे दुखत होते, त्यांनी अर्ध्या मिनिटातच 'बसा' म्हणून टाकलं. गेलेल्याची बायको कडाडली, "आवं, त्यांनी जन्मभर तुमची भाषणं सोसली, तुमाला दोन मिंटं जड झाली व्हय?" तेव्हापासून रिवाज पडला. फोटोशेजारी गेलेल्याचा जिवलग उभा राहणार, आणि तो 'बसा' म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही.

त्या दिवशी फोटो जयराज इंजिनिअरांचा होता. मूळचे पलूसचे, सारी नोकरी कालव्यांवर गेलेली, नाथाजींचे शाळेपासूनचे दोस्त. पुढच्या रांगेत त्यांच्या पत्नी राजेश्वरीवहिनी. टेबलावर चहाचे कप भरून ठेवलेले, वाफा निघतायत. खिडकीतून पिवळं ऊन आडवं आलेलं. सगळे उभे राहिले, नाथाजी फोटोशेजारी.

पंख्याची घरघर हळूहळू विरत गेली. रस्त्यावरचे हॉर्न पाण्याखालून आल्यासारखे झाले, मग तेही थांबले. नाथाजींच्या नाकात वास शिरला. कोरड्या कालव्यात नुकतंच पाणी सोडल्यावर येतो ना, तसा. कुणीतरी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभं होतं.

"नाथा..."

नाथाजींनी मान वळवली नाही.

"न सांगता गेलास की रं, गड्या," ते मनातच म्हणाले.

"आता आलोय न्हवं? तेवढं 'बसा' म्हणू नगंस... म्हटलंस की मला जावं लागंल."

कोण म्हणेल हो मग! दोघं बोलत राहिले. विहिरीत मारलेल्या उड्या, मास्तरांची चोरलेली सायकल, जयराजांच्या लग्नात नाथाजींनी हरवलेला जोडा. ऊन जागचं हलत नव्हतं. धुळीचे कण तरंगता तरंगता तिथंच थबकलेले. नाथाजींना वाटलं, असंच राहावं. दुखणं नाही, एकटेपण नाही.

मग त्यांची नजर वहिनींवर गेली. ओठ पांढरेफटक. डोळे मिटलेले. पदर धरलेली बोटं एकेक करून सैल होत होती.

"जयराज... वहिनींना सोसंना झालंय रं."

"असू दे."

"पडतील त्या!"

"उभी ऱ्हाऊ दे अजून जराशी..." कानाशी आलेला आवाज लोण्यासारखा मऊ होता. "ती बी यील मग हिकडं. तू बी ये."

नाथाजी 'बसा' म्हणायला गेले. तोंड उघडलं, पण जीभ टाळ्याला चिकटलेली. खांद्यावरचा भार वाढत चालला. वहिनी पुढं झुकल्या. साऱ्या जन्मात सौद्यात ओरडले नसतील एवढ्या जोरानं नाथाजी ओरडले, "बसा!"

खुर्च्या खडखडल्या. पंखा फिरू लागला. वहिनींना शेजारच्यांनी सावरलं, पाणी पाजलं. त्या पुटपुटल्या, "कुणीतरी हात धरला हुता माझा."

"काय ओरडता हो नाथाजी!" निवृत्त हेडमास्तर आप्पासो हसत म्हणाले. "दोन मिनिटं तरी झाली का?" बोलता बोलता त्यांनी हनुवटीवर हात फिरवला. "आयला... सकाळीच तर दाढी केली हुती गड्या."

एकेकाचा हात आपापल्या गालावर गेला. सगळ्या पुरुषांच्या गालांवर चार दिवसांचे पांढरे खुंट. चहावर जाड साय धरलेली.

नाथाजींनी फोटोकडं पाहिलं. जयराज आयुष्यभर गुळगुळीत दाढी करणारा माणूस. फोटोतल्या त्या गालांवरही खुंट उगवले होते. पांढरे नव्हेत. काळेभोर, इथल्यांचे चार दिवस त्यांच्या अंगी लागल्यासारखे.

तेव्हा तुम्हाला एवढीच विनंती, मंडळी. आपल्या माणसासाठी मौनाला उभं राहण्याची पाळी आलीच, तर माया बाजूला ठेवा आणि दोन मिनिटांचा हिशेब चोख ठेवा. एक क्षणही वर घालू नका.