लाल ठिपक्यांचं इंजिन

चढावर ट्रक बंद पडला तेव्हा मागे दीडशे रोपं होती आणि पुढे मी एकटी. बॉनेट उघडून मी आत बघत होते. बघत होते म्हणजे नुसतीच बघत होते. तेवढ्यात मागून आवाज आला, "एकदा स्टार्टर मारा बघू."

वळून पाहिलं तर स्कूटर रस्त्याच्या कडेला लावून एक माणूस उभा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नखांच्या कडांना काळं वंगण.

"तुम्ही कोण?"

"आधी स्टार्टर... ओळख मग करून घेऊ."

मी स्टार्टर मारला. इंजिन खोकत, लंगडत सुरू झालं. त्याने डोळे मिटले, मान जराशी तिरकी केली आणि ऐकत राहिला. पापण्या लांब होत्या त्याच्या. हे मी उगाच बघितलं.

"सहापैकी चारच सिलिंडर कामावर आहेत," तो म्हणाला. "दोन शेजारी संपावर गेलेत."

"न उघडताच कळलं?"

"शेजाऱ्यांचं भांडण भिंतीबाहेर ऐकू येतंच की. दोघांमधली गॅस्केटची पट्टी फाटलीये. पुढच्या वळणावर माझं गॅरेज आहे."

तो हसला. मी नाही हसले. ट्रक बंद पडतो काय, नेमका मेकॅनिकच समोर येतो काय, आणि त्याचं गॅरेज पुढच्याच वळणावर! दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि माझं तोंड चांगलंच पोळलेलं होतं. मागच्या वर्षी एका गॅरेजवाल्याने आमचा मूळ कार्बुरेटर काढून घेऊन त्या जागी कसलातरी भंगार तुकडा बसवला होता. वर गोड बोलून चहाही पाजला होता.

ट्रक बाबांचा. वयाने माझ्याहून कितीतरी मोठा, म्हणून घरात त्याला सगळे 'आजोबा' म्हणतात. बाबांचे गुडघे गेल्यापासून रोपवाटिकेची रोपं पोचवायला मीच तो चालवते. भंगारवाला दोनदा येऊन बघून गेला होता. त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "या वेळी नीट झाला तर झाला. नाहीतर देऊन टाकू. अंगणात उभा राहून गंजलेला नाही बघवणार मला." बोलताना ते खिडकीबाहेर बघत होते. आजोबांना मी भंगारात जाऊ देणार नव्हते, आणि कुणाला त्यांचा एक नटही चोरू देणार नव्हते.

म्हणून दुसऱ्या दिवशी लंगडता ट्रक चालवत मी गॅरेजमध्ये गेले ती एक स्टूल, एक वही आणि लाल नेलपॉलिशची बाटली घेऊन.

"हे काय?" त्याने विचारलं.

"जो भाग सुटेल त्याच्यावर माझी खूण. बसवताना मी खुणा बघणार."

"म्हणजे ओळखपरेड."

"समजा तसंच."

"समजलो, फौजदार," तो म्हणाला आणि पान्याने पहिला बोल्ट सैल केला.

त्या दिवसापासून मी त्याची फौजदार झाले. रोज दुपारी रोपांना पाणी घालून झालं की माझं स्टूल गॅरेजच्या दारात. तो एकेक भाग काढून माझ्यापुढे धरायचा, मी लाल ठिपका द्यायचे आणि वाळेपर्यंत फुंकर घालायचे. तो भाग हातात तसाच धरून थांबायचा... अगदी शांतपणे. इतका शांतपणा मेकॅनिकला परवडतो कसा, याचाही मला संशय यायचा.

इंजिनाचं डोकं चपटं होतं, नुसतं लोखंडी झाकणच. व्हॉल्व्ह वर नाहीत, खाली ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या कडेला बसवलेले.

"हे झाकण थोडं तासून आणू या," तो म्हणाला. "दाब वाढेल, चढावर दम टिकेल."

"तासायला बाहेर पाठवणार? आणि परत येईल ते हेच कशावरून?"

"चला ना बरोबर. लेथवाल्याकडे दोन स्टुलं आहेत."

गेले. झाकणावरून नजर काढली नाही. म्हणजे... बहुतेक वेळ काढली नाही.

सहा व्होल्टची वायरिंग काढून बारा व्होल्टची घालायची, तेलाला नीट फिल्टर लावायचा, व्हॉल्व्हच्या बैठका कडक धातूच्या बसवायच्या. त्याच्या प्रत्येक बेतावर माझा प्रश्न तयार असायचा, आणि तो प्रत्येकाचं उत्तर द्यायचा. एकदा मात्र म्हणाला, "सगळ्यांवरच असा संशय घेता, की माझ्यावर खास?"

"सगळ्यांवर."

"अरेरे," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, निदान तेवढं तरी माझ्या वाट्याला आलंय."

मी वहीत डोकं घातलं. त्या दिवशीच्या पानावर एकच व्हॉल्व्ह तीनदा लिहिलेला आहे.

मग मध्येच मोठी ऑर्डर आली आणि दोन दिवस मला जाता आलं नाही. तिसऱ्या दिवशी गेले तर बाकावर पिस्टन, रॉड, व्हॉल्व्ह ओळीने मांडलेले, चकचकीत. मी पहिला रॉड उचलला. ठिपका नाही. दुसरा उचलला... नाही. एकावरही नाही.

"माझ्या खुणा कुठायत?"

"थिनरमध्ये धुतलं सगळं. बसवायच्या आधी धुवावंच लागतं."

"मी नसतानाच बरं धुतलंत?" माझा आवाज चढला. दारात दोन ड्रायव्हर उभे होते, तरी मी थांबले नाही. "दोन दिवस पाठ फिरवली तर सगळे भाग बदलून मोकळे झालात. तुम्ही सगळे एकाच माळेचे मणी."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याने फडक्याला हात पुसले, एकेक बोट करून.

"एक रॉड घरी न्या," तो हळू म्हणाला. "वडिलांना दाखवा. तरी पटलं नाही तर उद्या टेम्पो आणा आणि सगळं घेऊन जा. ज्याचा माझ्यावर विश्वास नाही, त्याचं इंजिन मी जोडत नाही."

पहिल्यांदाच त्याने मला फौजदार म्हटलं नव्हतं, आणि ते मला लागलं.

घरी बाबांनी रॉड हातात घेतला, चष्मा लावायच्या आधीच त्यावरून अंगठा फिरवला.

"हे कुणी केलं?"

"काय?"

"पंच मारलेत. चार बारीक खड्डे, एका ओळीत. चौथ्या सिलिंडरचा रॉड म्हणून चार. काम नवीन आहे, धार अजून बोचतेय."

मी रॉड खिडकीपाशी नेला. चार खड्डे होतेच. आणि पहिल्या खड्ड्याच्या अगदी तळाशी, जिथे थिनर पोचला नसावा, तिथे लाल रंगाचा एक कण होता. माझा लाल. त्याने माझ्या ठिपक्यावरच पंच ठेवून हातोडी मारली होती. म्हणजे खूण पुसली जाणार हे त्याला आधीच माहीत होतं, आणि ती पुसली जाऊ नये म्हणून त्याने ती लोखंडात उतरवून ठेवली होती.

"भलत्याच माणसाला चोर ठरवलंस वाटतं," बाबा म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुझे कान लाल झालेत, नेलपॉलिशसारखे."

सकाळी गॅरेज उघडायच्या आधीच मी दारात हजर होते. त्याने स्कूटर लावली, माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

"टेम्पो दिसत नाही."

"नाही आणला. चुकले मी. चारचौघांत बोलायला नको होतं... आणि एकट्यातही नको होतं."

तो कुलूप काढत राहिला.

"पण रंग जाणार हे माहीत होतं तर सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याकडून पंच मागून घेतला असता. एकाच दुपारी सगळ्या खुणा करून मोकळ्या." शटर अर्धं वर जाऊन थांबलं. "नेलपॉलिशला वाळायला वेळ लागतो."

आत जाऊन मी माझं स्टूल उचललं, दारात ठेवलं आणि इंजिनाकडे पाठ करून बसले. वही पिशवीत घातली.

"हे काय आता?"

"जोडा तुम्ही. मी बघणार नाही."

पाठीमागे पान्याची करकर सुरू झाली. दिवसभर त्याने इंजिन जोडलं, आणि मी रस्ता, सायकली, समोरच्या भिंतीवरचं मांजर बघत बसले. मान दुखायला लागली तरी वळले नाही. शेवटी झाकण बसलं तेव्हा तो मोठ्याने सांगायला लागला, "मधला बोल्ट. आता डावीकडचा. आता उजवीकडचा. मधून बाहेर जायचं असतं, तीन फेऱ्यांत, हळूहळू. एकदम आवळलं तर झाकण वाकतं."

"माणसांचंही तसंच असतं का?"

"माहीत नाही. मी पहिल्यांदाच एवढा धीर धरलाय."

ऊन उतरता उतरता त्याने हाक मारली. मी आत चढून स्टार्टर मारला. आजोबा एकदाच घुटमळले आणि मग सहाच्या सहा एका लयीत बोलायला लागले, इतके अलगद की डॅशबोर्डवरचा छोटा आरसासुद्धा हलला नाही. बाबांना फोन लावून मी तो खिडकीबाहेर धरला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि ते म्हणाले, "भंगारवाल्याला सांगून टाक, परत येऊ नकोस म्हणून."

मी खाली उतरले. तो फडक्याला हात पुसत उभा होता.

"झालं मग," तो म्हणाला. "उद्यापासून स्टूल... घरी न्याल."

"का? तुम्हाला नकोय?"

"मला हवंय. स्टूलही हवंय आणि त्यावर बसणारीही. हे इंजिन उघडलं त्या दिवसापासून हवंय." एवढं बोलून त्याने हात पुढे केला, पंजा उघडा. "खूण करून ठेवा. उगाच बदलून जायला नको."

पिशवीत बाटली होतीच. मी त्याचा अंगठा धरला आणि नखावर एक लाल ठिपका दिला. फुंकर घातली. किती वेळ, हे मी वहीत लिहिलेलं नाही.

"थिनरने जाईल हा," तो म्हणाला.

"मग उद्या परत लावीन."

दुसऱ्या दिवशी गेले तर ठिपका गेलेला होता. बाकीच्या नखांच्या कडांना काळं तसंच होतं, फक्त अंगठ्याचं नख लख्ख. कामात आपोआप गेला, असं तो आजही शपथेवर सांगतो. माझा मात्र त्यावर अजिबात विश्वास नाही.