मखमलीवरचा सोडा

"तिले आताच नोको सांगू. साफ करून होऊ दे पहिले."

स्वयंपाकघरात सासूबाई, म्हणजे शकुंतलाबाई, भूषणला सांगत होत्या. भूषण माझा नवरा, पाच आठवड्यांचा. मी अंगणात ब्रश घेऊन उकिडवी बसले होते. वाटलं, सोफ्याची किंमत लपवत असतील.

जुना सोफा सानगडीहून टेम्पोत आमच्या दिघोरीला आला होता. तिघांचा, चॉकलेटी मखमलीचा, मधल्या जागी जरा खचलेला. रविवारी तो आमच्यासोबत भंडाऱ्याच्या भाड्याच्या खोलीत जाणार होता. तिथे भूषणला रात्रपाळी. म्हणजे रात्रभर खोलीत मी आणि सोफा.

मन लावून साफ केला. फटींतून दोन शेंगदाणे, शर्टाचं एक बटण आणि बीपीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट निघालं. शाम्पूचा नुसता फेस स्पंजने लावला, पाणी आत मुरलं की कुबट वास धरतो. दिवसभर ऊन दिलं. तरी मधल्या जागेचा तंबाखू-तेलाचा वास जाईना. संध्याकाळी सोफा बैठकीत घेऊन त्यावर चाळणीने खायचा सोडा पेरला. रात्रभर वास ओढून घेतो, सकाळी झाडून काढायचा. मांजर शिरू नये म्हणून दाराला बाहेरून कडी घातली.

रात्री सानगडीचे कृष्णमामा जेवायला आले, सासूबाईंचे थोरले भाऊ. मंगळवार, अठरा नोव्हेंबर. जेवणं झाली नि लाईट गेली. माझी नणंद तृप्ती मामांच्या मागेच लागली.

"मामा, भुताची सांगा न."

"भुताची नाही, श्यामरावची सांगतो. आमच्यापासून चौथं घर. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टीव्ही पाहता पाहता गेला. बसल्या जागी. जीव गेला तिथं पीठ पसरून वरून टोपली झाकतेत, माहीत हाये न? सकाळी माग उमटते. कोनत्या जन्माले गेला ते समजते."

"मंग? काय उमटलं?"

"काहीच नाही. तीन दिवस पीठ जसंच्या तसं. काहून की पोरानं पीठ टाकलं जमिनीवर, अन् जीव गेलता सोफ्यावर."

"मंग सोफ्यावर कायले नाही टाकलं?"

"मखमल खराब होईन म्हने. विकाचा होता न!"

तृप्ती हसली. आपण एकट्याच हसतोय, हे तिला उशिरा कळलं.

"मंग... श्यामराव गेला कुठं?"

मामांनी सुपारी कातरली. "गेला असन तर गेला... नाही तं बसूनच असन."

"दादा, पुरे झालं," सासूबाई म्हणाल्या. भूषण मोबाइलच्या उजेडात स्वतःचे पाय बघत होता.

"कोनं घेतला तो सोफा, भगवान जाने," मामा म्हणाले.

सासूबाई ताटं उचलायला लागल्या.

मला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. एवढंच आठवलं, की मी सोडा पेरलाय. पांढरा. पिठासारखा. मखमलीवर.

दोन चाळीसला उठले. पाणी प्यायला, असं मीच मला सांगितलं. बैठकीची कडी होती तशीच. काढली. टॉर्च लावला.

डावीकडची जागा पांढरी. एकसारखी.

मधली... दबलेली. एक माणूस बसावा एवढी.

पाऊल नव्हतं. पाखराचं नाही. मांजराचंही नाही.

उजवीकडची जागा साफ होती. सोडा हाताने बाजूला सारलेला. पाच बोटांचे माग. पाहुण्याला बसा म्हणायच्या आधी आपण हात फिरवतो ना...

तसा.

टॉर्च विझवला. कडी घातली. पाणी राहिलंच.

सकाळी सगळे चहाचे कप घेऊन बैठकीच्या दारापाशी जमले. मामासुद्धा. सासूबाई कडीकडे बघत नव्हत्या.

"झाला का व साफ, रंजिता? रविवारी टेम्पो बोलवाचा हाये."

या घरात 'हो' आणि 'आणते' यांच्यापेक्षा लांब वाक्य मी अजून बोलले नव्हते. कडी काढून दार उघडलं आणि बाजूला झाले.

"पहिले तुमी बसून पाहा, आई. श्यामरावजीनं जागा करून ठेवली हाये."